पहिला स्वेटर: लोकरीच्या दुकानापासून बारशापर्यंत, हजार रुपयांच्या आत

धाकट्या जावेचे दिवस जानेवारीत भरणार, हे गणपतीत सगळे जमलो तेव्हा कळलं. बाळंतविड्यात काय काय द्यायचं याची बोलणी सुरू झाली आणि मी म्हणून गेले, "स्वेटर मी विणते." आमच्या घरात दोन सुयांचं विणकाम कुणालाच येत नाही. सासूबाई पूर्वी क्रोशाचे रुमाल करायच्या, तेवढंच. हाताशी चार महिने होते आणि मनाशी ठरवलेले हजार रुपये. घरभाडं, मुलीची व्हॅन आणि किराणा यांतून छंदासाठी त्याहून जास्त काढणं पटत नव्हतं. जमेल की नाही हेच ठाऊक नसलेल्या गोष्टीत दोन-तीन हजार घालायला मन धजतही नव्हतं.

शोधायला बसले तर जे मिळालं ते एकतर परदेशी लोकरीबद्दल होतं, नाहीतर "सोप्पं आहे, करून बघा" एवढंच. नाशिकमध्ये, इथल्या दुकानांत जे मिळतं त्यातून, आधी काय घ्यायचं आणि कशानंतर काय घ्यायचं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते मी इथे तारखांसकट लिहिते आहे. भाव मी मोजलेले आहेत, तुमच्याकडे थोडे पुढेमागे होतील.

१३ सप्टेंबर २०२५ला, शनिवारी, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरून मेन रोडला गेले. बटणं, लेस, अस्तर, लोकर असं सगळं एकाच छताखाली विकणारं एक जुनं दुकान काकूंनी सुचवलं होतं. (काकूंबद्दल पुढे लिहिते.) सप्टेंबरमध्ये लोकर दर्शनी भागात नसते, माळ्यावर असते. माझ्यासाठी त्यांनी दोन पोती खाली काढली. मी रंग विचारला तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, आधी काय विणायचंय आणि कुणासाठी ते सांगा. रंग शेवटी."

तिथे उभ्या उभ्या जे कळलं ते असं. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण दुकानातली बहुतेक 'लोकर' शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक असते. गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीवर ते छापलेलं असतं, फक्त अक्षरं बारीक असतात. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं सगळीकडे दिसतात आणि माल मुख्यत्वे लुधियानाकडून येतो. बाळाच्या कामाची मऊ लोकर २५ ग्रॅमच्या छोट्या गुंड्यांत, जाड लोकर १०० ग्रॅमच्या गुंड्यात किंवा लडीत. लडी घेतलीत तर आधी गुंडा करावा लागतो. खुर्चीच्या पाठीवर लडी अडकवून दोघांनी बसलं तर ते लवकर होतं, एकट्याने केलं तर गुंता ठरलेला.

पट्टीवर 'प्लाय' असंही लिहिलेलं असतं. किती पदर एकत्र पिळून धागा केलाय त्याची ती संख्या. साधारणपणे ४ प्लाय बारीक आणि ८ प्लाय जाड, पण कंपनीगणिक फरक पडतो, एका कंपनीचं चार प्लाय दुसरीच्या चारपेक्षा चांगलंच जाड निघतं. दुकानदारांनी एक युक्ती दाखवली. शाळेतल्या पट्टीवर दोन्ही धागे एकेक इंच शेजारी शेजारी गुंडाळायचे, ओढून नाही आणि एकमेकांवर चढवूनही नाही. ज्याचे वेढे जास्त बसतात तो बारीक. नमुन्यात सांगितलेली लोकर मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी कुठली चालेल हे यावरून ठरवता येतं.

खऱ्या लोकरीचे गुंडेही त्यांच्याकडे होते. मेरिनोचा ५० ग्रॅमचा गुंडा अडीचशेच्या पुढे. फरक कळावा म्हणून त्यांनी दोन्हींचे वीतभर तुकडे दिले आणि घरी जाळून बघायला सांगितले. ओट्यावर स्टीलच्या ताटलीत, चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून मी ते केलं. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटाने चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी राहतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. जुन्या कपाटात पट्टी हरवलेली लोकर सापडली तर ती कशाची आहे हे ओळखायचा हा सोपा मार्ग. मिश्र धाग्याला मात्र उपयोग नाही.

त्या दिवशी काहीच घेतलं नाही, कारण पितृपक्ष सुरू होता आणि सासूबाईंनी निघतानाच सांगितलं होतं, "बाळाच्या कामाचं पितृपक्षात आणू नकोस." त्यांचा शब्द मोडायचा नव्हता. दुकानदारही म्हणाले, घटस्थापनेनंतरच या, जीएसटी उतरतोय. घटस्थापना आणि नवे दर दोन्ही २२ सप्टेंबरलाच होते. अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यावरचा कर त्या दिवसापासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला. फरक शंभर ग्रॅमला पाच रुपयांचा, पण मोजून खर्च करणाऱ्याला तोही कळतो.

मधल्या दिवसांत दोन गोष्टी केल्या. सासऱ्यांचं सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड आहे. १८४० सालची ही संस्था, आम्ही सगळे 'सावाना'च म्हणतो. तिथून विणकामाचं एक जुनं मराठी पुस्तक आणलं. त्यात 'सु.' म्हणजे सुलट आणि 'उ.' म्हणजे उलट (विणकामाचे हे दोन मूळ टाके), मापं इंचांत आणि सुया नंबरांत. दुसरं काम म्हणजे हे सुयांचे नंबर समजून घेणं. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन नमुन्यांत उलटं असतं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची, म्हणजे आपली ६ नंबरची. व्हिडिओ बघून सुया घेणार असाल तर नंबर सोडा, मिलिमीटर विचारा. पोनीच्या सुयांच्या डोक्यावर बहुधा दोन्ही असतात.

पहिली खरेदी घटस्थापनेच्या दिवशी केली आणि ती मुद्दाम बाळाच्या स्वेटरसाठी केली नाही. मला वाटतं कमी पैशांत विणकाम शिकायचं तर खरेदी दोनदा करायची: आधी हाताला वळण लावण्यापुरती, मग वस्तूसाठी. पहिल्याच दिवशी स्वेटरची सगळी लोकर घेऊन ठेवली की वीण कशी पडेल, किती लागेल, मुळात आपल्याला हे आवडेल का, यातलं काहीच माहीत नसतं. दुसऱ्या टोकाला, घरात पडलेली कुठलीतरी केसाळ, चमचमती लोकर घेऊन शिकायला बसलं तर टाका दिसतच नाही, आणि दिसला नाही की दोष आपल्या हाताचा वाटतो. शिकण्यासाठी लोकर गुळगुळीत, एकरंगी, फिक्या रंगाची आणि मध्यम जाड हवी. गडद निळ्यात आणि काळ्यात टाके रात्री दिव्याखाली ओळखू येत नाहीत. रंग बदलत जाणारी लोकर दुकानात मोह घालते, पण तीही पहिल्यांदा नको.

मी घेतलं ते: लिंबू रंगाचा जाडसर अ‍ॅक्रिलिकचा १०० ग्रॅमचा गुंडा ८५ रुपये, ८ नंबरची अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांची जोडी ९० रुपये, बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई १५ रुपये आणि क्रोशाचा एक मध्यम हुक ३५ रुपये. एकूण २२५. टाके मोजायला सुईत अडकवायची रंगीत कडी, ओळी मोजायचं यंत्र, विणकामाची पिशवी यांतलं काहीही घेतलं नाही. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ सुईत अडकवली की तेच कडं होतं. ओळी वहीत पाच-पाचच्या रेघांनी मांडल्या.

बांबूच्या सुयांवरून टाके सटकत नाहीत असं सगळीकडे वाचलं होतं. दुकानात त्या नव्हत्या म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २६० रुपयांना मागवल्या. २९ सप्टेंबरला आल्या त्या भलत्याच मापाच्या. परत करण्यासाठी पाकिटाचा, बिलाचा आणि सुईवरच्या आकड्याचा असे वेगवेगळे फोटो चढवावे लागले, कुरियरवाला न्यायला यायचा तो एकदा येऊन घर बंद म्हणून गेला, आणि पैसे खात्यात जमा झाले ९ ऑक्टोबरला. पाकीट फोडण्याआधी फोटो काढून ठेवलेत तर हे सगळं सोपं जातं. तोपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या सुया हातात बसल्या होत्या आणि बांबूची गरज उरली नाही.

आता काकू. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. काका तोफखान्यातून निवृत्त झाले, शेवटची बदली देवळालीला, मग इथेच घर घेतलं. काकूंचं विणकाम पहाडातल्या पोस्टिंगमधलं, तिथे सगळ्या बायका उन्हात बसून विणत असायच्या त्यांच्यात बसून शिकलेलं. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "रोज ये. अर्धा तास पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास बसून हात शिकत नाही." रात्रीची जेवणं झाली, भांडी आवरली की मी खाली जायची.

पहिल्या संध्याकाळी फक्त टाके घालणं. दोन पदरांनी टाके घालायच्या पद्धतीत शेपटाकडचा धागा आधीच मोजून सोडावा लागतो, विणायच्या रुंदीच्या साधारण तिप्पट आणि वर वीतभर. टाके सुईवर सरकले पाहिजेत इतके सैल. घट्ट घातले तर दुसऱ्या ओळीत सुईचं टोकच आत शिरत नाही. काकूंनी मला दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायला लावले आणि मग एक सुई काढून घेतली. त्याने टाके आपोआप मोकळे राहिले. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिलं सांगेन.

तीस टाके आणि सगळ्या ओळी सुलट. पहिला आठवडा एवढंच. धागा उजव्या हातात धरायचा की डाव्या यावर व्हिडिओंमध्ये दोन तट आहेत. काकू उजव्या हाताने धागा फिरवतात, मीही तेच धरलं. कोणती पद्धत चांगली या वादात पडू नका, जी शिकवणारी व्यक्ती समोर आहे तिची घ्या. दर ओळीनंतर टाके मोजायचे. तीसचे बत्तीस झाले तर बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक: धागा पुढून मागे नेताना सुईवरून गेला, किंवा काठाचा पहिला टाका ओढला जाऊन दोन असल्यासारखा दिसला आणि दोनदा विणला गेला.

दुसऱ्या आठवड्यात उलट टाका आणि मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट. याने कापड एका बाजूने गुळगुळीत होतं, पण कडेने वळून नळी होते. मला धसकाच बसला. काकू म्हणाल्या, "अगं, ही वीण वळतेच. म्हणून तर स्वेटरला खाली पट्टी असते." एक टाका सुलट, एक टाका उलट अशी पट्टी, किंवा काठाला चार-पाच टाके सगळीकडे सुलट ठेवले, की कापड सपाट राहतं.

एक संध्याकाळ मी विसरणार नाही. नीट जमलेला वीतभर तुकडा काकूंनी माझ्या हातून घेतला, मधला एक टाका सुईवरून सोडला आणि तुकडा दोन्ही बाजूंनी ताणला. टाका शिडीसारखा सरसर खाली गेला, सात-आठ ओळी. मग क्रोशाचा हुक माझ्या हातात दिला. खाली लोंबणाऱ्या फासात हुक घालायचा, त्याच्या लगेच वरची आडवी पायरी हुकात पकडायची, फासातून ओढून घ्यायची, मग तिच्या वरची. सुलट बाजू आपल्याकडे ठेवायची आणि एकही पायरी वगळायची नाही. शेवटचा फास सुईवर चढवला आणि कुठे सुटला होता ते मलाच सापडेना. त्या दिवसापासून सुटलेल्या टाक्याची भीती गेली. पस्तीस रुपयांचा हुक माझ्या यादीत सगळ्यात वसूल झालेली वस्तू आहे.

मनगट दुखायला लागलं की थांबायचं, हेही काकूंचंच. सुया घट्ट आवळून धरल्या की दुखतं. मी पंधरा मिनिटांनी हात मोकळे करायचे, आणि कोपर उशीवर टेकवून बसले की बराच फरक पडायचा.

११ ऑक्टोबरला पुन्हा मेन रोडला गेले आणि बाळाच्या मऊ ४ प्लाय अ‍ॅक्रिलिकचा पिस्ता रंगाचा एकच गुंडा घेतला. छापील ४२, नव्या दराने ३९ रुपये. सोबत १० नंबरच्या सुया ८० रुपये. एकच गुंडा का, तर आधी छोटा चौकोन विणून स्वेटरला किती लागेल हे आधी काढायचं होतं.

लोकर कुठली या प्रश्नावर मी बरेच दिवस घासाघीस केली होती, स्वतःशीच. खरी लोकर ऊबदार, पण स्वेटरचेच साताठशे झाले असते, आणि गरम पाण्यात चोळली की ती आटून नमद्यासारखी होते. ओल्या बाळंतिणीच्या घरात रोजच्या धुण्यात कुठलं कापड वेगळं काढलं जाणार? सुती धागा बाळाला छान, घाम शोषतो, पण जड असतो, ताणत नाही आणि शिकाऊ हाताला कडक जातो. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, म्हणून आत सुती झबलं हवंच, पण धुवायला सोपं आणि आटत नाही.

दुसरा विचार मापाचा. नाशिकची खरी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निफाडचा पारा दर वर्षी बातम्यांत असतो, आणि मार्च लागला की पंखे सुरू. जानेवारीच्या शेवटी जन्मलेल्या बाळाला नवजात मापाचा स्वेटर जेमतेम महिनाभर होईल. म्हणून स्वेटर एक वर्षाच्या मापाचा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यासाठी, आणि टोपरं तेवढं लहान मापाचं, आत्तासाठी, असं ठरवलं. हे जावेला विचारूनच केलं. तिला काळा स्वेटर हवा होता, पुढच्या संक्रांतीला बोरन्हाणात घालायला. काळ्या लोकरीवर माझे डोळे ठरणार नाहीत हे तिला सांगितलं आणि तिने समजून घेतलं.

आता हिशोब, कारण पैसे वाचले ते इथे. १० नंबरच्या सुयांवर साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच चौकोन विणला. तो हाताने धुतला, सपाट वाळवला आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजले: २६ टाके. धुण्याआधी मोजू नका, धुतल्यावर वीण बसते आणि माप बदलू शकतं. वर्षाच्या बाळाची छाती साधारण ४६ ते ४८ सेंटिमीटर, सैलपणा धरून स्वेटरचा घेर ५२. म्हणजे पाठ २६ सेंटिमीटर, २.६ ने गुणून ६८ टाके. पुढचे दोन भाग ३४-३४.

लोकरीचं वजन काढायला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ५ ग्रॅम. चौकोनाचं क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर. स्वेटरची पाठ २६ गुणिले २८ म्हणजे ७२८, पुढचं तेवढंच, दोन बाह्या मिळून ६८४. बेरीज २१४०. त्यात चौकोन बसतात पंधरा, म्हणजे ७५ ग्रॅम. पट्ट्या, गळा, शिवण यासाठी वर पाव हिस्सा धरला की ९५ ग्रॅमच्या आसपास. टोपऱ्याला ३० ग्रॅम. म्हणजे २५ ग्रॅमचे पाच गुंडे काठोकाठ, सहा असले तर निश्चिंत. आधी मला दोघी-तिघींनी "दहा गुंडे घेऊन ठेव" असं सांगितलं होतं.

दिवाळी उरकून २७ ऑक्टोबरला उरलेले पाच घ्यायला गेले तर त्या लॉटचे चारच शिल्लक. गुंड्याच्या पट्टीवर रंगाचा नंबर असतो आणि वेगळा लॉट नंबर असतो. रंग तोच पण लॉट वेगळा असेल तर रंगवायच्या खेपेगणिक किंचित छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती कळत नाही, विणल्यावर उन्हात आडवा पट्टा दिसतो. दुकानदार म्हणाले, नवा माल यायला पंधरा दिवस लागतील आणि लॉट तोच येईल याची खात्री नाही. आम्ही दोघांनी मिळून तोड काढली: पिस्ता चार घेतले, माझ्याकडचा एक होता, आणि पट्ट्या, गळा व टोपऱ्याची कड यांसाठी मोतिया रंगाचे दोन. असे नवे सहा गुंडे २३४ रुपये. पट्टीसाठी १२ नंबरच्या सुया ८० रुपये, बटणं पाच, ३० रुपये. लोकर कमी पडली किंवा लॉट तुटला तर दुसरा रंग मुद्दाम घातल्यासारखा घालायचा, उरकल्यासारखा नाही. मोतिया पट्टीने स्वेटर उलट जास्त खुलला.

१ नोव्हेंबरला टाके घातले. पाठीचा भाग सर्वांत सोपा, खाली १२ नंबरवर पट्टी, मग १० नंबरवर सरळ वर. गळ्याचा आकार आणि टाके बंद करणं काकूंसमोर बसून केलं. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई वापरली तर काठ आवळत नाही. माझ्याकडे तशी नव्हती, ८ नंबरचीच घेतली, चाललं. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी शेजारी शेजारी विणल्या. ४० टाक्यांपासून वाढवत ५४ पर्यंत. वेळ तेवढाच लागतो, पण वाढवण्याच्या ओळी दोन्हींत एकाच ठिकाणी येतात आणि एक बाही लांब, एक आखूड होत नाही. डिसेंबरमध्ये मुलीच्या शाळेचं संमेलन आणि घरातलं आजारपण यांत काम मागे पडलं. दोन-तीन आठवडे पिशवी उघडली नाही. वहीत ओळींच्या रेघा होत्या म्हणून पुन्हा बसले तेव्हा कुठे आहोत हे शोधावं लागलं नाही.

शिवणीचा मला सर्वांत धाक होता आणि त्याला तीन संध्याकाळी लागल्या. त्याच लोकरीच्या धाग्याने, बोथट सुईने, दोन्ही काठांच्या आडव्या पायऱ्या आळीपाळीने उचलत जायचं, आणि दर चार-पाच पायऱ्यांनी धागा हलकेच ओढायचा. भाग सुलट बाजूने समोर ठेवूनच शिवायचे. ४ जानेवारीला, रविवारी, शेवटचं बटण लागलं.

बाळाच्या कपड्यात काही गोष्टी हौसेच्या वरच्या. धाग्यांची टोकं आत किमान दोन इंच फिरवून पक्की करायची, मोकळा फास कुठेही ठेवायचा नाही, कारण बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं. बटणं ओढून बघायची. गळ्याशी रिबीन किंवा गोंडे नकोत. आणि घरात झोपवताना टोपरं काढून ठेवायचं, बाळं डोक्यातून उष्णता बाहेर टाकतात. हे मी जावेला देतानाच सांगितलं.

मुलगी १९ जानेवारीला झाली. सुरुवातीचे दिवस घरातले जुने मऊ कपडेच, नवं बारशाला, अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून जोड ३० जानेवारीला दिला. टोपरं बरोबर बसलं. स्वेटर कपाटात, नीट घडी घालून. सोबत चिठ्ठी लिहून दिली: कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सपाट वाळवायचं, आणि इस्त्री अजिबात नाही. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की वीण मरते, कापड लोळागोळा होतं आणि पुन्हा उभं राहत नाही.

एकूण खर्च ६८८ रुपये, बसभाडं सोडून. त्यातले सुया, हुक आणि बोथट सुई असे ३०० रुपये पुढच्या प्रत्येक वस्तूला कामाला येतील. स्पष्टच सांगते, स्वस्त पडेल म्हणून विणायला घेऊ नका. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये बाळाचा तयार स्वेटर जवळपास तेवढ्यातच मिळतो आणि दोन महिने लागत नाहीत. पण ज्याला शिकायचंच आहे त्याला पैशांसाठी थांबायचं कारण नाही.

आता हातात नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर आहे, मुलीच्या मफलरसाठी, फुकटातली. उसवायला स्वेटर निवडताना आतल्या शिवणी बघा. दोन्ही काठ अखंड असून साखळीसारखी शिवण असेल तर एक धागा सापडला की ती सुटते आणि लांब लोकर मिळते. ओव्हरलॉक केलेलं असेल तर कापड कडेला कापलेलं असतं आणि हाती ओळीओळीचे तुकडे येतात. उसवलेला धागा नागमोडी असतो, तसाच विणला तर टाके वेडेवाकडे पडतात, म्हणून ही लोकर शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात घेऊ नये. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि खाली हलकं वजन लावून सावलीत टांगा. वाळली की गुंडा करा, पण बोटं मध्ये घालून सैलच गुंडाळा. घट्ट गुंडाळलेला धागा ताणलेला राहतो आणि विणलेली वस्तू पहिल्या धुण्यात आखडते.